एकमताची लक्षणं

हवामान खात्याने सोमवारी वादळ येणार असं सांगितलं होतं आणि दशरथकाकांनी सोमवारी बैठक होणार असं. तारीख बदलायला दोघांपैकी कोणीच तयार झालं नाही.

ऋतिकाने आदल्या दिवशी फोन करून बघितला होता. "काका, रेड अलर्ट आहे. बोरिवलीहून मरोळला येणार कसे?"

"तुझो अलर्ट तुझ्याकडे ठेव, चेडवा. दर्यार जल्म गेलो आमचो. वाऱ्याक भियालो तो घाडीगावकर कसलो?"

काकांचा जन्म परळच्या चाळीतला आणि दर्याशी संबंध बाजारातल्या बांगड्यापुरता. पण हे त्यांना तोंडावर सांगण्याची हिंमत घरात फक्त जानकीकाकीत होती, आणि ती लग्न झाल्यापासून रोज सांगत आली होती.

तर सोमवारी सकाळी, वारा पत्र्यांच्या मागे लागलेला असताना, काकांचा मंडप डेकोरेटरचा टेम्पो मरोळच्या दवाखान्यापुढे येऊन थांबला. त्यातून काका उतरले, काकी उतरली, चिरंजीव सुयोग उतरला आणि शेवटी सगळ्यांनी मिळून एक जनरेटर उतरवला. काकांचे धाकटे भाऊ, नाना, आदल्या दिवशीच मुलुंडहून आले होते. नानांचा दमा आता दम्याच्या पुढे गेला होता, त्यामुळे ते जातील तिथे त्यांचं ऑक्सिजनचं मशीन सोबत असायचं. ते विजेवर चालायचं आणि नाना त्याच्यावर.

जागा तळमजल्याची. पुढे रस्त्यावर उघडणारा दवाखाना, मध्ये एक मोठी खोली, मागे पडवी. गुणाजी आजोबांनी गिरणी सुटल्यावर घेतलेली, तिन्ही मुलांच्या नावावर. मधला मुलगा शिवदास, म्हणजे ऋतिकाचे बाबा, तिथे आयुष्यभर डॉक्टरकी करून दोन वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून ऋतिका त्यांच्याच खुर्चीत बसत होती. पेशंट तिला डॉक्टर म्हणायचे, घाडीगावकर 'चेडू', म्हणजे पोर, म्हणायचे. दवाखाना राहणार की जाणार, एवढाच बैठकीचा विषय होता.

सुयोगला तिथे इव्हेंट मॅनेजमेंटचं ऑफिस टाकायचं होतं. मांडव घालणे आणि इव्हेंट करणे यात फरक काय, असं काकीने विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "काचेचं दार." घरात काही ठरायच्या आधीच त्याने मोबाइलवर स्टेटस टाकलं होतं, 'लवकरच मरोळमध्ये!' काका मुलाच्या बाजूने होते. काका ज्या बाजूने त्याच्या विरुद्ध काकी, हा नियमच होता. नाना दवाखान्याच्या बाजूने, कारण त्यांना तिथे फुकट वाफ मिळायची. आणि ऋतिकाची आई, कमल, दर तासाला बाजू बदलत होती. तिला दवाखाना नवऱ्याची आठवण म्हणून हवा होता, आणि मुलीने पवईच्या मोठ्या हॉस्पिटलात नोकरी धरावी म्हणून नको होता.

"आधी गाऱ्हाणा," काका म्हणाले.

नारळ ठेवला गेला. काकीने धूप घातला. घाडीगावकरांकडे काहीही सुरू करायचं तर आधी थोरल्याने उभं राहून देवाला सगळी हकीकत खणखणीत आवाजात सांगायची आणि बाकीच्यांनी दर वाक्याला होकार भरायचा, ही पद्धत. टीव्ही घेतला तेव्हाही गाऱ्हाणं झालं होतं.

"बा देवा म्हाराजा!" काकांनी आवाज लावला. "आज ह्या वादळ जा दर्यातसून उठला आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"तेका दर्यातल्या दर्यात फिरव, नायतर गुजरातेत धाड..."

"व्हय म्हाराजा!"

"पप्पा, आपले अर्धे कस्टमर गुजराती आहेत," सुयोग म्हणाला.

काकांनी एक डोळा उघडला. "...नायतर अरबस्तानात धाड, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या जागेपायी ही लेकरा आपापसात भांडतत, तेंची मती एक कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले, आणि लगेच भांडायला बसले.

पहिल्या तासात काका नानांना 'फुकट्या' म्हणाले. नानांनी काकांच्या मांडवाची तीन वर्षांपूर्वी कोसळलेली कमान काढली. काकीने नानांची बाजू घेतली, मग नानांनी तिच्या माहेराबद्दल काहीतरी म्हटल्यावर तीच बाजू त्यांच्या डोक्यात परत घातली. आई मध्येच "हे असते तर..." म्हणून रडली. आणि ऐन रंगात वीज गेली.

नानांचं मशीन एक लांबलचक शिट्टी मारून बंद पडलं. मग दशरथकाका उभे राहिले. या क्षणासाठीच तर त्यांनी जनरेटर आणला होता.

"पावसात नको ठेवूक, भिजात," म्हणत त्यांनी तो पडवीत नेला. गावी पावसाळ्याआधी पडवीला झाप बांधतात, विणलेल्या झावळ्यांची भिंतच म्हणा, म्हणजे झड आत येत नाही. काकांनी ते लहानपणी सुटीत बघितलं होतं. आज टेम्पोतली ताडपत्री घेऊन त्यांनी पडवी अशी आवळली की आत मुंगीने परवानगी मागावी. फटींत काकीच्या जुन्या साड्या कोंबल्या. दवाखान्याकडच्या दाराखालीही एक साडी खुपसली, वारा येतो म्हणून. जनरेटर धडधडला, मशीन सुरू झालं. वायर पुरत नव्हती म्हणून नानांची खुर्ची पडवीच्या उघड्या दाराशी सरकवली.

"बघितलंस?" काका ऋतिकाला म्हणाले. "ह्याका म्हणतत नियोजन."

ऋतिका काही म्हणणार तेवढ्यात पुढून शटर बडवल्याचा आवाज आला. एका रिक्षावाल्याचं कपाळ उडत्या पत्र्याने फाडलं होतं. ती पुढे पळाली.

नंतर ती पुढेच अडकली. शटर अर्धं वर, वारा आत घुसून कॅलेंडरं उडवतोय, आणि टॉर्च दातात धरून ती टाके घालतेय. मग एका बाईच्या पायात खिळा गेलेला. मग एक आजोबा, ज्यांना काहीच झालं नव्हतं, फक्त घरी एकटं बसायची भीती वाटत होती. त्यांचं ब्लडप्रेशर तिने सावकाश घेतलं. कोपऱ्यावरचा पर्जन्यवृक्ष आडवा झाला होता आणि रस्ता दोन्हीकडून बंद. अँब्युलन्सला फोन लावला तर पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, आमच्याच गाडीवर झाड आहे."

गॉज संपला म्हणून ती आत गेली. खोलीत धुपाचा जाड वास होता. आईने कपाळ दाबून धरलं होतं.

"डोकं ठणकतंय गं. या लोकांच्या आवाजाने."

"नजर लागली हा," काकी म्हणाली. "सगळे एकत्र इलंव ना. मीठमोहऱ्या खय आसत?"

आवाज तर फारसा नव्हताच. काका गादीवर टेकले होते आणि नानांना म्हणत होते, "तुझा पण बरोबर आसा म्हणा." ऋतिकाला वाटलं, दमले असतील. गॉज घेऊन ती परत बाहेर आली. तिचंही डोकं जरासं जड झालं होतं, पण बाहेरच्या वाऱ्याने ते उतरलं.

पुढच्या वेळी ती कात्री न्यायला गेली तेव्हा बैठक संपली होती.

"ये, चेडवा," काका म्हणाले. आवाज मऊ, डोळे अर्धे मिटलेले. "ठरला. दवाखानो तुझो. शिवदासाचो होतो, तुझोच तो. विषय संपलो."

ऋतिका दारातच थांबली. दोन वर्षं ती हे वाक्य ऐकायला थांबली होती. बाबांच्या खुर्चीत बसताना रोज वाटायचं, आज कोणीतरी येऊन उठ म्हणेल.

"खरंच, काका?"

"पप्पा बरोबर बोलतायत," सुयोग भिंतीला टेकून म्हणाला. "ऑफिस काय, कुठेपण होईल."

"ह्यांचा म्हणणा माका पटला," काकी म्हणाली.

ऋतिकाचा आनंद तिथल्या तिथे थिजला. काकीला काकांचं म्हणणं पटलं होतं. लग्नाला चाळीसेक वर्षं झाली होती आणि हे याआधी एकदाही घडलं नव्हतं. तिने आईकडे बघितलं. आई छान हसत होती, कशाला ते तिलाच माहीत नसावं. तिने नानांच्या बोटाला ऑक्सिमीटरचा चिमटा लावला. नव्याण्णव. नानांना आयुष्यात परीक्षेतही नव्याण्णव मिळाले नव्हते, आणि त्यांची फुफ्फुसं तर नेहमी काठावर पास व्हायची. पण त्यांचं डोकं छातीवर लोंबत होतं आणि हाक मारली तरी वर होत नव्हतं.

पडवीत जनरेटर धडधडत होता. दवाखान्याकडचं दार दिवसभर बंद, ताडपत्री बंद, फटीफटीत साड्या. आणि त्या चिमट्याला रक्तातला ऑक्सिजन आणि जनरेटरच्या धुरातला विषारी वायू यांतला फरक कळत नाही, तो दोन्हींना सारखेच मार्क देतो. हे तिने परीक्षेत लिहिलं होतं आणि मग विसरून गेली होती.

देवाने गाऱ्हाणं ऐकलं होतं. सगळ्यांची मती एक झाली होती आणि आणखी थोड्या वेळाने सगळे एकदमच त्याच्याकडे गेले असते.

"उठा!" ती किंचाळली. "सगळे बाहेर! काका, उठा!"

"कित्याक? आताच तर जमला सगळा..."

श्वास रोखून ती पडवीत गेली, जनरेटर बंद केला आणि ताडपत्रीवर कात्री चालवली. वारा फाडकन आत शिरला. मग तिने रिक्षावाल्याला हाक मारली. त्याच्या कपाळावरचे टाके अजून ओले होते. त्याने नानांना खांद्यावर घेतलं, एकेकाला उठवताना त्यांच्या झोकांड्या बघितल्या आणि हळूच विचारलं, "मॅडम, ये लोग पिये हुए हैं क्या?"

"काश," ऋतिका म्हणाली.

शटर पूर्ण वर करून तिने सगळ्यांना दवाखान्याच्या उंबऱ्यावर ओळीत बसवलं, अर्धे आत, अर्धे पावसात. एकटं बसायची भीती वाटणारे आजोबा आता गर्दीत होते, त्यांनी काकीच्या डोक्यावर छत्री धरली. बाबांच्या वेळेपासून कोपऱ्यात उभा असलेला ऑक्सिजनचा सिलिंडर तिने ओढत आणला. बाबा तो कायम भरलेला ठेवायचे, आणि तिनेही, सगळे हसायचे तरी, तो भरलेलाच ठेवला होता. सिलिंडर एक, मास्क एक आणि माणसं पाच. आधी कोणाला, हे ठरवायला शुद्ध तपासायला हवी होती. प्रश्न विचारावा तर ओळीतून "बरोबर आहे तुझं" एवढंच येत होतं, कोणाकडून ते वाऱ्यात कळत नव्हतं.

तिने पावसात उभं राहून आवाज लावला. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," काकी पुटपुटली. पाठोपाठ सुयोग. आईचा ओठ हलला. काकांनी तर डोळे मिटूनच, पण थोरल्याच्या रुबाबात होकार भरला.

नानांकडून काही आलं नाही.

मास्क नानांना. "हे तुझं लेकरू पाया पडून सांगतंय, म्हाराजा!" काय बोलतेय हे तिचं तिलाच कळत नव्हतं. ती डॉक्टर होती आणि एवढी घाबरली होती की रडू लपवायला पाऊस आहे याचं तिला बरं वाटलं.

"व्हय म्हाराजा," चौघं म्हणाले, यावेळी जरा जोरात.

"माझ्या नानांना परत आण रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता रिक्षावालाही म्हणाला. खिळेवाली बाईही.

किती गाऱ्हाणी झाली कोण जाणे. रस्त्यावर पत्रे उडत होते, लांब कुठेतरी काच फुटली. ती देवाला रेशनकार्डापासून सगळं सांगून बसली. शेवटी मास्कच्या आतून एक घोगरा आवाज आला.

"व्हय... म्हाराजा." नानांनी एक डोळा उघडला. "पण अरबस्तानातच धाड. आमच्या सोसायटीत गुजराती आसत."

ऋतिका त्यांच्या गळ्यात पडून रडली.

संध्याकाळी झाड तोडून रस्ता मोकळा झाला. नानांना आणि आईला हॉस्पिटलात नेलं, तिथे रक्त तपासून ऋतिकाचंच निदान कायम झालं, आणि सकाळी दोघं दवाखान्यात परतले. काकांनी जायला साफ नकार दिला होता. काकी आणि सुयोगही मग गेले नाहीत, म्हणून ऋतिका रात्रभर दवाखान्यातच त्यांच्यावर डोळे लावून बसली होती.

मंगळवारी ऊन पडलं, जसं काही झालंच नाही. मागची खोली अजून सताड उघडी ठेवली होती, म्हणून सगळं कुटुंब दवाखान्यातच बसलं होतं. बाहेर रांग लागलेली. वादळ जातं पण जाताना रस्ताभर खिळे, काचा आणि पत्रे ठेवून जातं. ऋतिका एकामागून एक धनुर्वाताची इंजेक्शनं देत होती.

"ता गॅस-बिस काय नाय," काका म्हणाले. "दमटपणान घेरी इली सगळ्यांका. माझ्या जनरेटरान कोणाक काय एक झाला नाय."

"शिरा पडो तुमच्या जनरेटरार," काकी म्हणाली. ती बरी झाली होती.

"मी पूर्ण शुद्धीत होतंय!"

"पूर्ण?"

"पूर्ण! शब्द न् शब्द आठवता माका."

काकीने पदर सावरला. "मगे दवाखानो चेडवाचो. शुद्धीत सांगितलास, सगळ्यांदेखत."

रांगेतल्या बायकाही ऐकायला लागल्या. नाना खोकल्याच्या आडून हसले.

"पप्पा," सुयोग म्हणाला, "फसलात यार तुम्ही."

शुद्धीत होतो म्हटलं तर जागा गेली, नव्हतो म्हटलं तर जनरेटरची अब्रू गेली. ऋतिकाने सिरिंज भरता भरता बघितलं. तिला काहीच करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. काकांचा हट्ट तिला ठाऊक होता. जनरेटरची अब्रू ते सोडणार नव्हते.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला.

"हां शेठ, बोला... लाइट नाय अजून? देतंय ना, जनरेटर आसा... पाऊस परत येतलो म्हणतत? मगे जिन्याखाली लावूया, पॅसेजात. ताडपत्री मारतंय चारी बाजूंनी, काळजी नको."

ऋतिकाने सिरिंज खाली ठेवली. "काका, थांबा."

"बोलतंय मी."

"तुम्ही शुद्धीत नव्हता." ती जवळ गेली. "काल कोणीच शुद्धीत नव्हतं. तुमचा एक शब्दही मी धरत नाही. दवाखान्याचं परत ठरवा, भांडून ठरवा, हवं तर द्या सुयोगला. पण तो जनरेटर कोणाच्या जिन्याखाली लावू नका. मी हाक मारत होते आणि नाना उत्तर देत नव्हते, काका. मला वाटलं, बाबांसारखेच हेही गेले."

काकी कपाळाला हात लावून पुटपुटली, "गेली हातची जागा."

काकांनी नानांकडे बघितलं. मास्कच्या दोरीचा वळ नानांच्या गालावर अजून होता. लहानपणी याच भावाला ते खांद्यावर बसवून परळला गणपती बघायला न्यायचे. फोनमधून शेठ "हॅलो, हॅलो" करत होते.

"हां शेठ," काका घसा खाकरत म्हणाले. "पॅसेजात नाय जमूचा. उघड्यार ठेवूचो लागतलो, खिडक्यांपासून लांब... भिजलो तर भिजांदे, माझो जनरेटर आसा, तुमका काय?... नाय, आत ठेवलो तर माणसा मरतत." ते थांबले. "कोण म्हणता म्हणजे? आमचे डॉक्टर म्हणतत."

ऋतिकाच्या हातातला कापूस खाली पडला. तो उचलायला ती वाकली आणि गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ वाकून राहिली.

"घरचेच डॉक्टर. मरोळाक आमचो दवाखानो आसा ना... काय? थय ऑफिस होतला? कोणी सांगल्यान?" काकांनी सावकाश मान वळवून सुयोगकडे बघितलं. सुयोगने मोबाइल खिशात टाकला. "ता स्टेटस विसरा, शेठ. हय दवाखानोच आसा आणि दवाखानोच रवतलो."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. काकांनी एकवार रांगेकडे बघितलं, एकवार शिवदासच्या खुर्चीकडे.

"व्हय, शेठ," ते म्हणाले. "आता पूर्ण शुद्धीत बोलतंय."